टब, तुळई आणि आई
(मंडळाच्या कौटुंबिक सभेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षात वक्त्याने संस्कृतीवर बोलावे, असा संकेत आहे. मी मात्र आज आपल्याला न्हाणीघरात नेणार आहे. दिवाळीच्या पहाटे आईच्या हातचे उटणे ज्यांनी लावून घेतले आहे, त्यांना हे विषयांतर वाटणार नाही.

ब्राह्मणपाऱ्यातील आमचे घर जुने व अरुंद. आजोबा स्नानाला कंकाली तलावावर जात. वडिलांच्या काळी तांब्याचा बंब आणि घंगाळ आले. गतवर्षी वरच्या मजल्यावरील न्हाणीघराची दुरुस्ती निघाली. खोली जेमतेम सहा फूट बाय आठ फूट. चिरंजीवांनी आग्रह धरला, की तिथे पाण्याचे झोत सोडणारा टब बसवावा. आजीच्या गुडघ्यांना आराम पडेल.

टबाचा इतिहासही त्याच्याच बाजूने होता. इटलीतून अमेरिकेत गेलेल्या जाकुझी बंधूंचा पंपांचा कारखाना होता. त्यांच्यापैकी कँडिडो यांच्या मुलाला लहानपणीच संधिवाताने ग्रासले. त्याला घरीही जलोपचार मिळावा, या खटपटीतून टबात सोडण्याजोगा पंप तयार झाला व १९५६ साली विक्रीस आला. पुढे १९६८ मध्ये त्याच घराण्यातील रॉय यांनी झोत टबाच्या अंगातच बसविले. परमुलखात गेलेल्या कुटुंबाने लेकराच्या दुखण्यापायी काढलेली ही युक्ती आज चैनीची वस्तू म्हणून विकली जाते.

तरीही सहीपूर्वी आकडे तपासण्याची सरकारी सवय सुटेना. आम्ही पाहिलेला टब पाच फूट लांब, अडीच फूट रुंद. पाणी २५० लिटर, म्हणजे तितकेच किलो. टबाचे ५० आणि माणसाचे ७० किलो धरता ३७० किलोंचा भार सव्वा चौरस मीटरहूनही कमी जागेवर! घराच्या मजल्याची आखणी करताना चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापरभार धरतात, आणि आमचा मजला तर जुन्या लाकडी तुळयांवरचा. तेव्हा टब खाली आला. शहराच्या पाणीयोजनेत माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. येथे एका स्नानाला जवळजवळ दोघांचे पाणी. हिवाळ्यात ते सुखोष्ण करायला साठ अंशांचे शंभरावर लिटर पाणी हवे. आमचा गीझर २५ लिटरांचा.

घेणाऱ्यांनी आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. पंपापर्यंत हात पोचेल अशी उघडती फळी असावी, नाहीतर दुरुस्तीला फरशी फोडावी लागते. अर्थिंग चोख असून वीजगळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. आणि नळ्यांत पाणी साचून राहू नये, त्यात रोगजंतू वाढतात. हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी विचारावे.

एवढे सारे जुळवून मी आईला दुकानात नेले. टबाची कड तिच्या गुडघ्यांच्याही वर येत होती. तिने कडेवर हात ठेवला आणि शांतपणे विचारले, “बाळ, सगळं छान आहे. पण मी यात उतरू कशी? आणि घरात कुणी नसलं, तर बाहेर येऊ कशी?”

बंधुभगिनींनो, आम्ही तुळयांची ताकद मोजली होती. आईच्या पायांची मोजली नव्हती. सारी सोय जिच्यासाठी, तिलाच विचारायचे राहून गेले होते.

टब आला नाही. तळमजल्यावर उंबरठा काढला, न घसरणारी फरशी घातली, भिंतीत भक्कम दांड्या आणि खुर्चीइतक्या उंचीचे बाक बसविले, हातात धरायचा फवारा लावला. दार बाहेर उघडणारे केले.

नरकचतुर्दशीच्या पहाटे सुनेने आईला तेल-उटणे लावले. मग आईने स्वतः दार लोटून घेतले. पडण्याच्या भीतीमुळे दोन वर्षे तिच्या स्नानाच्या वेळी कोणीतरी आत उभे राहत असे. त्या दिवशी आम्ही सारे बाहेर होतो, आणि आतून येणारा तांब्याचा आवाज ऐकत होतो.

आपल्यापैकी कोणी टब अवश्य घ्यावा. फक्त खोलीचे माप घेण्याआधी घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला एकदा विचारावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.