नळाचें पाणी आणि लॉगॅरिथमचें समीकरण



कन्हान व पेंच या नद्यांचें पाणी नागपुरांत घरोघरीं नळानें येतें. वाटेंत तें नळाच्या भिंतीशीं घासतें व त्याचा दाब उतरत जातो. हा उतार आधीं अजमावला नाहीं, तर शेवटच्या घराची तोटी कोरडी राहते. उतार ठरतो घर्षणांकावर, आणि घर्षणांक लॉगॅरिथमच्या एका हट्टी समीकरणांत दडलेला असतो.

उदाहरणादाखल १० सेंटिमीटर व्यासाची, १ किलोमीटर लांबीची गुळगुळीत वाहिनी घ्यावी. तींत पाण्याचा वेग सेकंदास १ मीटर असावा. वेग व व्यास यांच्या गुणाकारास पाण्याच्या चिकटपणाच्या मानानें भागलें कीं रेनॉल्ड्स अंक मिळतो; तो येथें सुमारें १,००,००० आहे. घर्षणांकाच्या वर्गमुळानें १ ला भागून जें येतें त्यास क्ष म्हटलें, म्हणजे प्रांट्ल व फॉन कारमान यांचा नियम असा होतो :

क्ष + २ लॉग क्ष = ९.२

लॉग क्ष = ३ एवढेंच असतें, तर क्ष = १,००० हें उत्तर शाळेंतील मुलगाहि देईल. येथें मात्र क्ष एकदां लॉगच्या आंत व एकदां बाहेर आहे; एकास सोडवावें तों दुसरा अडकतो. अशा वेळीं दोन रीती उपयोगी पडतात.

पहिली रीत आलेखाची. समीकरण लॉग क्ष = ४.६ − क्ष/२ असें मांडावें व दोन्ही बाजूंचे आलेख एकाच चौकटीच्या कागदावर काढावे. क्ष ७ असतां वक्ररेषा ०.८५ वर व सरळ रेषा १.१ वर असते. क्ष ८ असतां त्या ०.९० व ०.६ वर असतात. म्हणजे छेद ७ व ८ यांच्या मधें आहे. एक रेषा सतत चढते, दुसरी सतत उतरते. म्हणून छेद एकच, उत्तरहि एकच.

दुसरी रीत आंकड्यांची. क्ष = ९.२ − २ लॉग क्ष असें लिहून उजवीकडे ७ घालावे, ७.५१ येतात. तेच पुन्हां घातले कीं ७.४४९, मग ७.४५६, मग ७.४५५. उत्तर खऱ्या मूल्याच्या आळीपाळीनें वर व खालीं पडतें आणि दर फेरीस चूक सुमारें आठव्या हिश्श्यावर येते. मूल्य दोन्हीकडून कोंडींत सांपडतें, त्यामुळें कोठें थांबावें हें आपोआप कळतें.

क्ष ७.४५५ म्हणजे घर्षणांक ०.०१८०. डार्सी-वाइसबाख सूत्रानें या वाहिनींत दाबाची उंची ९.१७ मीटर खर्चीं पडते. कोणी आलेख न पाहतां क्ष ८ धरला असता, तर हिशेब ७.९६ मीटरच आला असता. कागदावरची ही चूक जमिनीवर सव्वा मीटरांच्या जवळपास भरते; उंचावरील घरास तेवढेंच पाणी मुकविण्यास पुरे.

खऱ्या नळांचा खडबडीतपणा कोलब्रुक यांनीं १९३९ सालीं समीकरणांत आणला. मूडी यांनीं १९४४ सालीं त्याचा तयार आलेख दिला. नागपुरांतील नीरी ही संस्था १९५८ सालीं सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीच्या संशोधनासाठींच स्थापन झाली. आज हा हिशेब संगणक क्षणांत करतो. परंतु तोहि अंदाज घालतो, उत्तर पाहतो व तेंच पुन्हां घालतो. आलेख उत्तराची जागा दाखवितो, आंकडा त्या जागेचें माप घेतो. दोहोंची सांगड ज्यानें घातली, त्याला हट्टी समीकरणाचें भय उरत नाहीं.