आपसूक उगवलेले रोप
(संक्रांतीच्या हळदीकुंकवानिमित्त मंडळात केलेले भाषण)



मला आज बोलायचे आहे टोमॅटोवर, म्हणजे आपल्या वऱ्हाडी भेदऱ्यावर. त्यातही मोरीच्या तोंडाशी, खताच्या खड्ड्यात किंवा तुळशीच्या कुंडीत आपसूक उगवलेल्या रोपावर. काहीजणी ते तण म्हणून उपटतात, काहीजणी फुकटचे म्हणून सगळीच रोपे वाढू देतात. माझे म्हणणे असे की, आधी हिशेब करावा.

टोमॅटोच्या बीभोवती बुळबुळीत आवरण असते. ते आहे तोवर बी सहसा रुजत नाही. ओल्या खरकट्यात ते कुजून जाते आणि बी मोकळे होते. बियाणे धरणारे जे काम गर आंबवून करतात, तेच आपला खड्डा करतो.

आता हिशेब. आज वीतभर असलेल्या रोपाचे पहिले फळ पिकायला दोन-अडीच महिने लागतात. ऊन 35 अंशांपलीकडे गेले आणि रात्रीही उबदार झाल्या, की फुले गळतात. घाटाखाली मलकापूर-शेगावकडे ही वेळ लवकर येते. आपल्या घाटावर थोडी सवड मिळते. म्हणून आजचे वीतभर रोप जरूर ठेवावे. शिमग्यात जे दोन पानांवर असेल, त्याची आशा धरू नये.

ठेवायचे ते डब्यात ठेवावे, कारण जमिनीतले रोप उन्हातून हलवता येत नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या भगिनींनाही हे साधते. रंगाची पंधरा-वीस लिटरची रिकामी बादली स्वच्छ घासून बुडाला पाच-सहा भोके पाडावीत. माती आणि चांगले कुजलेले शेणखत भरावे. वांगी-मिरचीच्या कुंडीतली जुनी माती घेऊ नये. ही सारी एकाच कुळातली, एकीचा रोग दुसरीला लागतो. रोप संध्याकाळी, मुळाच्या मातीसकट काढून खालच्या पानांपर्यंत खोल लावावे. पुरलेल्या खोडालाही मुळे फुटतात. शेजारी काठी रोवावी.

पाणी रोज सकाळी बेताने द्यावे. एक दिवस कोरडे, एक दिवस तुडुंब असे झाले की फळाचे बूड काळे पडते. फुले आली की सकाळी फांदीला हलकेच टिचकी मारावी, म्हणजे पराग झडून फळ धरते. फाल्गुनापासून बादली दुपारच्या सावलीत सरकवावी. पाने मुरडून झाड खुरटले, तर तो बहुधा पांढऱ्या माशीने आणलेला रोग. ते झाड लगेच काढून टाकावे.

फळ मात्र बाजारातल्यासारखेच येईल असे समजू नका. आपल्याच जिल्ह्यात, देऊळगाव राजाकडे, शेडनेटमध्ये आपल्या भगिनी एकेका फुलातले पुंकेसर चिमट्याने काढून दुसऱ्या जातीचा पराग हाताने लावतात. अशा मेहनतीने संकरित बी तयार होते. त्या फळातले बी पुढे आईवर जाईलच असे नाही. एखादे झाड लहान फळाचे, एखादे आंबट निघते. म्हणून एकावर न थांबता दोन-तीन रोपे ठेवावीत, आणि ज्याचे फळ पसंत पडेल त्याचे बी धरावे.

एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. 2023 च्या जुलैत टोमॅटो किलोला 100 रुपयांच्या वर गेला होता, तेव्हा आमटीत चिंचेवरच भागवावे लागले. चैत्रात उतरलेली जास्तीची फळे चकत्या करून, मीठ लावून, पापड-कुरडयांबरोबर कडक वाळवली, तर पावसाळ्यात ती मूठभर का होईना उपयोगी पडतात. कच्ची राहतील त्यांची दाण्याचा कूट घालून भाजी करावी.

शेवटी एक विनंती. ज्यांच्याकडे रोपे जास्त असतील, त्यांनी ती फेकू नयेत. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालूच आहे. प्लास्टिकच्या डब्यांऐवजी यंदा एकेक रोप वाण म्हणून लुटावे. ते वाण चैत्रापर्यंत वाढेल, आणि देणारीची आठवण स्वयंपाकघरात राहील.