हिंदूरावाच्या टेकडीवरून



कश्मीरी गेटला ऑटोत बसलो आणि ‘हिंदूराव’ म्हणालो. ऑटोवाल्यानं विचारलं, “कौन भर्ती है?” दिल्लीला हिंदूराव म्हणजे रुग्णालय. मूळ हिंदूराव कागलकर घाटगे होता, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचा भाऊ, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार? १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी विल्यम फ्रेझर याचा खून झाला आणि त्याचा या टेकडीवरचा बंगला पुढे हिंदूरावानं घेतला. १८५७ च्या वेढ्यात तेच इंग्रजांचं मोक्याचं ठाणं झालं. ते राखलं सिरमूर पलटणीच्या गुरख्यांनी; ४९० जणांपैकी ३२७ पडले किंवा जखमी झाले.

मघाशी चहा घेताना तुमच्यातल्या एकीनं विचारलं, “सर, मी नॉर्थ कॅम्पसला तीन वर्षं इतिहास शिकले. माझा वर्गमित्र दहावीनंतर औरंगाबादच्या एसपीआयमध्ये गेला, तिथून एनडीएत. मला आता पदवीनंतरची सीडीएस परीक्षा द्यायचीय. मी मागे पडले का?”

भाषण मी दुसरंच लिहून आणलं होतं. ते आता खिशातच राहू दे.

त्या मुलाला काय मिळालं ते आधी मान्य करू. महाराष्ट्र सरकारनं १९७७ साली एसपीआय काढली ती मराठी मुलं अधिकारी व्हावीत म्हणूनच. पुढे खडकवासल्याच्या एनडीएत तीन वर्षं कवायत, पोहणं, घोडा, रगडा. आणि पदवी मात्र याच दिल्लीतल्या जेएनयूची! मी साध्या कॉलेजातून बीएस्सी करून डेहराडूनच्या लष्करी अकादमीत गेलो, तेव्हा एनडीएची पोरं बूट वीस मिनिटांत आरशासारखे करायची. मला दोन तास लागायचे. पहिल्या सहामाहीत मी रोज लाजलो. पुढे पलटणीत गेल्यावर मात्र कोण कुठून आलं, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक तिथल्याच सैनिक शाळेत घडले. २०१५ च्या नोव्हेंबरात कुपवाड्यात त्यांना वीरमरण आलं. त्यानंतर त्यांच्या पत्नी स्वातीताई, दोन मुलांची आई, वयाची अट शिथिल करून घेऊन एसएसबीच्या निवड-चाचणीला बसल्या, चेन्नईच्या अकादमीत सुमारे अकरा महिने राबल्या आणि २०१७ साली लेफ्टनंट झाल्या. एकाच घरातली ही दोन माणसं. एकाची तयारी शाळेच्या वयापासून, दुसरीची तिशी उलटल्यावर. यात कोण जास्त ‘तयार’ होतं, असं विचारायची माझी तरी छाती नाही.

माझं मत विचाराल तर लष्करी धाटणीचं कॉलेज चांगला कॅडेट लवकर घडवतं. अधिकारी घडतो तो चारचौघांसमोर चुकल्यावर, आणि तरी पुन्हा त्याच्याच हातात काम दिल्यावर. ही संधी गणवेशातल्या संस्था रोज देतात, हे त्यांचं खरं बळ. एनसीसीतही ती मिळते. ‘सी’ सर्टिफिकेट असेल तर एनसीसीच्या खास प्रवेशात लेखी परीक्षाही चुकते. पण होस्टेलची मेस चालवणारी मुलगीसुद्धा तेच शिकते. शिवाय हुकूम न मानणाऱ्यांना पटवायचं कसं, हे ती जास्त शिकते. सोळाव्या वर्षापासून फक्त ‘येस सर’ ऐकलेल्याला ही कला उशिरा येते. मी अशांबरोबर काम केलंय.

आणि एसएसबीत सगळ्यांना तेच पाच दिवस, तोच फट्टा, तीच बल्ली, तीच रस्सी.

पुन्हा १८५७ कडे येतो. या टेकडीवरच्या इंग्रजांना येऊन मिळालेला जॉन निकोल्सन कंपनीच्या ॲडिस्कमच्या लष्करी विद्यालयात कधी गेलाच नव्हता. थेट भरती झाला, मामाच्या वशिल्यानं. (वशिला हा काही आपलाच शोध नव्हे.) त्याची कबर कश्मीरी गेटजवळ आहे. समोर शहरात बंडवाल्यांचा बख्त खान. उभी हयात कंपनीच्या तोफखान्यात घालवून सुभेदार झालेला. सुभेदार-मेजरच्या वर जायचा रस्ताच देशी माणसाला नव्हता. कालचा गोरा पोरगाही त्याला हुकूम द्यायचा. मग जुलैमध्ये एकाएकी अख्ख्या फौजेचा कारभार त्याच्या गळ्यात पडला, तोही भांडखोर शहजाद्यांच्या गराड्यात. तोफ त्याला येत होती. एवढ्या फौजेची जबाबदारी त्याच्यावर आधी कुणी टाकलीच नव्हती.

माझ्यावर मात्र जबाबदारी पहिल्याच रात्री पडली. मी पलटणीत दाखल झालो तेव्हा बर्फ पडत होता. आमच्या सुभेदारसाहेबांची नोकरी माझ्या वयाइतकी. त्यांनी कडक सलाम ठोकला आणि विचारलं, “साब, गश्त किस रास्ते से भेजें?” मला रस्ते माहीत नव्हते. मी तसं सांगितलं. त्यांनी नकाशा उलगडला, कंदील जवळ ओढला, आणि मला बसायला स्वतःची पेटी सरकवली.