अक्षरांच्या आधीचे शिक्षण

(अंगणवाडी सेविका व पालक यांच्या मेळाव्यातील भाषण)



मूल अंगणवाडीत जाऊ लागले की थोड्याच दिवसांत पालक विचारतात, “आमच्या बाळाला अक्षरे कधी येणार?” हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु अक्षरांच्या आधी शिकावयाच्याही काही गोष्टी आहेत. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, राग आला असता हात न उगारता तो शब्दांनी सांगणे, भीती वाटल्यास मोठ्यांजवळ बोलणे, रडणाऱ्या सोबत्याची विचारपूस करणे, या त्या गोष्टी होत. त्या वयानुसार आपोआप येतात, असा आपला समज असतो. वस्तुतः त्या शिकाव्या लागतात आणि लहानपणीच शिकणे सोपे जाते. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षापूर्वी होते, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नमूद केले आहे. सवयींचा पाया याच काळात पडतो.

या संदर्भात अमेरिकेतील एक प्रयोग उद्बोधक आहे. मिशिगन राज्यातील इप्सिलँटी येथे १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ बालकांपैकी काहींना बालशाळेत घेण्यात आले. काय खेळावयाचे हे मुले स्वतः ठरवीत आणि खेळून झाल्यावर त्याविषयी बोलत. शिक्षिका दर आठवड्याला घरी जाऊन मातांना भेटत. बुद्धिमापन चाचणीत या मुलांनी घेतलेली आघाडी काही वर्षांतच ओसरली. असे असूनही बालशाळेतील मुलांपैकी ७७ टक्के मुलांनी पुढे माध्यमिक शिक्षण पूर्ण केले. दुसऱ्या गटात हे प्रमाण ६० टक्के होते. अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवून दिले की, या लाभामागे बुद्ध्यंकापेक्षा वर्तनातील सुधारणेचा वाटा मोठा होता. प्रयोग लहान असला, तरी त्याचा बोध मोठा आहे.

आपल्याकडे ही दृष्टी नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. मूल शाळेपर्यंत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी साकारली. अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर हे कार्य पुढे नेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पोषण व लसीकरण यांबरोबर शालापूर्व शिक्षणाचाही समावेश झाला, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

हे शिक्षण द्यावयाचे कसे? आपल्या खेळांतच त्याची साधने आहेत. लपंडावात आपल्यावर राज्य आले की ते मुकाट्याने घ्यावे लागते. सर्वांत धाकट्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून सामावून घेतात. दुर्बलाला वगळू नये, हा धडा तेथे उपदेशाविना मिळतो. भातुकलीत मूल आई होते, पाहुणा होते आणि दुसऱ्याच्या मनात डोकावू लागते. म्हणून अंगणवाडीतील खेळाचा तास हा वाया गेलेला वेळ मानू नये.

पूर्वी वाड्यात व गल्लीत मुलांना सवंगडी सहज लाभत. आज कुटुंबे लहान झाली आहेत आणि रडणाऱ्या मुलाच्या हाती मोबाईल दिला जातो. त्याने रडे थांबते. मन आवरावयास मात्र मूल शिकत नाही. त्याऐवजी त्याला जवळ घ्यावे, “तुला राग आला आहे ना?” असे विचारावे आणि ते शांत होईपर्यंत थांबावे. भावनेला नाव मिळाले की ती आवरणे सोपे होते. ‘मुलगे रडत नसतात’, ‘मुलींनी उलट बोलू नये’ ही वाक्ये कटाक्षाने टाळावीत. ज्या मुलीला ‘नको’ म्हणावयास शिकविलेलेच नाही, ती संकटप्रसंगी कोणाला हाक मारणार?

आणि मोठ्यांचे वर्तन हाच मुलांचा पहिला धडा असतो. घरात मारझोड असेल, तर अंगणवाडीतील शिकवण अपुरी पडेल. तेव्हा उद्यापासून, मूल घरी आल्यावर “आज काय लिहिलेस?” या प्रश्नाबरोबरच “आज कोणाबरोबर खेळलास?” हेही अवश्य विचारा.