ॲडजस्ट कोणी करायचं?

'ॲडजस्ट' हे इंग्रजी क्रियापद आपण रोज वापरतो. वस्तूबद्दल त्याचा अर्थ, थोडं हलवून नीट बसवणं: चश्मा, आरसा, घड्याळाचे काटे. माणसाबद्दल, नव्या परिस्थितीशी जुळवून घेणं.

मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकाशी येऊन चौथा म्हणतो, 'थोडं ॲडजस्ट करा.' तिघंही सरकतात, चौथा कडेला टेकतो. त्रास चौघांत वाटला जातो.

घरात मात्र हा शब्द एकटीलाच ऐकवला जातो. माझ्या आपाचं बी.एड. लग्नानंतर अर्ध्यावर सुटलं. सगळे म्हणाले, 'ॲडजस्ट कर ले.' मीही म्हणालो. सरकली फक्त आपा. आम्ही जागचे हललो नाही.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी तोंडी तलाकविरोधात मुंबईत मोर्चा काढला. त्यांनी जुळवून घेतलं नाही, कायदा बदलायची मागणी केली.

म्हणून पुढच्या वेळी हा शब्द ओठांवर आला, की आधी मोजा: कोण कोण सरकतंय? एकच जण सरकत असेल, तर उरलेल्यांत आपण आहोत का, हेही बघा.