रस्त्यालाही जाब विचारू या

(तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मोहल्ल्यातला एखादा तरुण अपघातात गेला की कब्रस्तानातून परतताना दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "नसीबात होतं," हे एक. दुसरं, "पोरगा गाडी फार जोरात पळवायचा." या दोन्हींत रस्त्याचं नाव कुठेच नसतं. आज मला त्या रस्त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी आकडे पाहू. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली १५,२२४ आपल्या महाराष्ट्रातली. मेलेल्या दर तिघांपैकी साधारण दोघं १८ ते ४५ वयाची, म्हणजे घर चालवणारी. दुचाकीवरची माणसं जवळपास ४४ टक्के. राष्ट्रीय महामार्ग एकूण रस्त्यांच्या दोन टक्क्यांच्या आसपास आहेत, पण ३६ टक्के मृत्यू त्यांच्यावर झाले. म्हणजे मृत्यू सगळ्या रस्त्यांवर सारखा पसरलेला नाही. तो ठरावीक ठिकाणी साचतो. आणि एकाच वळणावर दरवर्षी माणसं मरत असतील, तर सगळ्यांचं नसीब नेमकं तिथेच कसं फुटतं, हे विचारायला हवं.

अशा जागेला सरकारी भाषेत 'ब्लॅक स्पॉट' म्हणतात. राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं दगावली, की ती जागा या व्याख्येत बसते. व्याख्या उपयोगी आहे, पण तिच्यात एक मेख आहे. जागा धोक्याची ठरण्याआधी तिथे माणसं मरावी किंवा जायबंदी व्हावी लागतात. तिथल्या टपरीवाल्याला, पंक्चरवाल्याला, रिक्षावाल्याला मात्र ती जागा घातक आहे हे कधीचंच ठाऊक असतं. त्यांना कुणी विचारत नाही.

दुसरी अडचण कागदाची. अपघाताची फिर्याद वाचा. "हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात वाहन चालवून" ही शब्दरचना जवळजवळ ठरलेली. चालकावर गुन्हा दाखल झाला की विषय संपतो. दुभाजक मध्येच का तोडलेला होता, वळणावर दिवा का नव्हता, सर्व्हिस रोड थेट महामार्गावर का सोडला, हे प्रश्न त्या कागदावर येतच नाहीत.

याचा अर्थ चालक निर्दोष असतो असा नाही. अतिवेग हे आपल्याकडचं सर्वांत मोठं कारण म्हणून नोंदलं जातं. हेल्मेट नाही, तिघं एका गाडीवर, हातात मोबाइल; हे आपणच थांबवायचं आहे. पण माणूस चुकणारच. चांगला रस्ता ती चूक सावरून घेतो, वाईट रस्ता त्या चुकीला मृत्यूची शिक्षा देतो.

पुण्याचा नवले पूल तुम्हाला माहीत असेल. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की पुलापर्यंत काही किलोमीटरचा सलग उतार आहे. डिझेल वाचवायला काही चालक उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, पकड सुटते. आणि नेमकं उताराच्या पायथ्याशी शहर सुरू होतं. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने वीसहून अधिक गाड्या चिरडल्या. त्यानंतर रम्बल पट्ट्या आल्या, फलक आले, वेगावर बंधनं आली. तरीही १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच भागात ट्रकची धडक झाली, आग लागली आणि आठ जीव गेले. पट्ट्या आणि फलक लागतातच, पण उतार आणि शहर यांची गाठ जिथे पडते तो मूळ प्रश्न त्यांनी सुटत नाही.

आता त्याच शहराचा दुसरा रस्ता बघा, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे. २०१६ साली तिथे १५१ मृत्यू झाले होते. सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था आणि राज्य रस्ते विकास महामंडळ यांनी मिळून एकेका अपघाताचा जागेवर जाऊन अभ्यास केला. उघडे काँक्रीटचे कठडे आणि खांब झाकले, संरक्षक पट्ट्या बसवल्या, कडेला उभ्या राहणाऱ्या ट्रकवर लक्ष ठेवलं, जखमींना लवकर मदत मिळेल असं पाहिलं. २०२० साली मृतांचा आकडा ६६ वर आला. त्या वर्षी टाळेबंदीही होती हे खरं, पण घट त्याच्या आधीपासूनच सुरू झाली होती. घाट तोच होता, चालकही तसेच होते. बदलला तो रस्ता आणि त्याच्यावरची देखरेख.

मग आपण काय करायचं? आपल्यातले कितीतरी जण ट्रक चालवतात, गॅरेजमध्ये काम करतात, दुचाकीवरून डिलिव्हरी देतात. भिवंडी, मालेगाव, महाड, चिपळूण. आपली गावंच महामार्गांवर आहेत. ही माहिती आपल्या हातात आहे, फक्त ती कागदावर आणायची आहे.

आपल्या भागातली एकच जागा निवडा. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा लिहा. दिवसाचे आणि रात्रीचे फोटो काढा, पण रस्त्यात उभं राहून नको. महिनाभर थोडक्यात टळलेले अपघातही टिपा. माहिती अधिकारात पोलिसांकडून तीन वर्षांच्या अपघातांची यादी मागा. मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे अर्ज द्या, त्याची प्रत रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या खात्याला द्या आणि पोच घ्या. "योग्य ती कारवाई करावी" एवढंच लिहू नका. दिवा हवा, दुभाजक बंद हवा की पादचारी पूल हवा, ते स्पष्ट मागा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १९८ अ सांगतं की रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत ठरलेले निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे माणूस मेला किंवा जायबंदी झाला, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अर्जात या कलमाचा उल्लेख करा.

आणि जखमी दिसला तर थांबा. त्याच कायद्याचं कलम १३४ अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. पोलिसांचं झंझट मागे लागेल म्हणून पुढे निघून जायचं कारण उरलेलं नाही.

रस्त्यातला काटा-दगड बाजूला करणं हाही सदका आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. आजच्या महामार्गावर तो दगड म्हणजे तुटलेला दुभाजक आहे, न पेटणारा दिवा आहे. तो हाताने उचलता येत नाही, अर्जाने उचलावा लागतो. आणि तो उचलला की त्या रस्त्याने जाणारा प्रत्येक जण वाचतो. तो कुठल्या धर्माचा, कुठल्या गावाचा, हे रस्ता विचारत नाही. आपणही विचारायचं नाही.

घरी जाताना तुमच्या भागातली ती एक जागा ठरवूनच जा. पुढच्या बैठकीत मला तुमचे अर्ज पाहायचे आहेत.