मुंबई बेटाचा जमाखर्च

मंडळी, मुंबईचा विषय कोल्हापुरात कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल, तर आधी इथल्याच पन्हाळ्याकडे बघू. १६६० साली विजापूरच्या सिद्दी जौहरचा तिथे शिवाजी महाराजांना वेढा पडला, तेव्हा राजापूरच्या इंग्रज वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन तोफ आणि गोळे घेऊन तिथे हजर झाला. हा व्यापारी माणूस, पण विजापूरचं पारडं जड दिसलं आणि तो लढाईत पडला. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर लुटलं आणि रेव्हिंग्टन कैदेत गेला. ईस्ट इंडिया कंपनीने मात्र वखारीच्या भरपाईचा धोशा सोडला नाही.

१६७४ साली कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन महाराजांच्या राज्याभिषेकाला रायगडावर आला, तो हाच जुना हिशेब घेऊन. भरपाई ठरली १०,००० होन, पण रोख नाही. कंपनीने तीन वर्षं दरसाल ५,००० होनांचा माल घ्यायचा आणि किंमत निम्मीच मोजायची. म्हणजे फिटले ७,५००. उरलेले २,५०० राजापूरच्या जकातीतून वळते करायचे. देणं फिटावं, रोकड गडावरच राहावी आणि रुसलेला व्यापारी पुन्हा आपल्याच बंदरात यावा! हे कलम वाचताना मला दरवेळी आनंद होतो.

आता मुंबईकडे जाऊ. १६६८ साली इंग्लंडच्या राजाने हे बेट कंपनीला दिलं, वर्षाला सोन्याच्या रूपात १० पौंड खंडावर. बेटाचं उत्पन्न नारळाच्या वाड्या, भातखाचरं, तंबाखू, दारू आणि जकात यांचं. जेराल्ड आँजिए गव्हर्नर झाला. पोर्तुगीज काळापासून जमिनींच्या मालकीचे वाद साचले होते. ते त्याने १६७२ च्या करारात मिटवले. जमीनदारांनी वर्षाला २०,००० झेराफिन (पोर्तुगीज नाणी) भरायचे आणि त्यांची मालकी कायम. टांकसाळ, न्यायालय, तटबंदी ही सगळी कामं त्याच्याच काळात पुढे गेली.

पण बेटाची खरी कमाई भोवतालच्या धामधुमीतून होती. १६६४ आणि १६७० मध्ये सुरत दोनदा लुटली गेली. किनाऱ्यावर मराठे, मोगल, जंजिऱ्याचे सिद्दी आणि पोर्तुगीज यांची ओढाताण चालूच होती. अशा वेळी कोष्ट्याला, सोनाराला, वाण्याला तट असलेली जागा हवी असते. दीवचा व्यापारी नीमा पारेख मुंबईत यायला तयार झाला, पण १६७७ मध्ये आपल्या धर्माचरणाला कुणी हात लावणार नाही असं लिहून घेऊनच. म्हणजे ज्या अशांततेमुळे शिपायांवर खर्च करावा लागे, त्याच अशांततेमुळे जकातीत भरही पडे. तट आणि शिपाई हेच या बेटाचं भांडवल होतं.

लंडनच्या संचालकांना नेमकं हेच उमगलं नाही. त्यांच्या वहीत शिपाई फक्त खर्चाच्या बाजूला होता. १६७७ मध्ये आँजिए वारला आणि काटछाट सुरू झाली. तटाचं काम रेंगाळलं, फौज घटली. १६७९ मध्ये मराठ्यांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. कंपनीची गलबतं लढली, त्यांत कॅप्टन रिचर्ड केग्विनही होता. पण माणूसबळ तोकडं आणि वरून खर्चाची तंबी. शेवटी कंपनी मागे फिरली आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

या लढवय्या केग्विनचा पगार आणि भत्ताही कंपनीने पुढे कापला. २७ डिसेंबर १६८३ ला केग्विनने उपगव्हर्नर वॉर्डला अटक केली आणि बेट राजाच्या नावाने ताब्यात घेतलं. कंपनीची रोकड हाती लागली, ती बेटाच्या संरक्षणासाठीच वापरायची असं त्याने जाहीर केलं. सिद्दीच्या आरमाराला माझगावपासून दूर ठेवलं आणि संभाजी महाराजांशी तहही केला. कंपनीच्या लेखी तो बंडखोर. मला विचाराल तर त्या वर्षी बेटाचा कारभार समजून करणारा तो एकच माणूस होता. वर्षभराने माफीचं आश्वासन मिळताच त्याने बेट परत केलं.

एवढं होऊनही लंडनच्या संचालकांपैकी जोसाया चाइल्डने औरंगजेबाशी युद्ध काढलं. इकडे कंपनीचा गव्हर्नर जॉन चाइल्ड याने मोगलांची जहाजं धरली. १६८९ मध्ये मोगलांच्या बाजूने जंजिऱ्याचा सिद्दी याकूत शिवडीला उतरला, माझगाव आणि माहीम त्याच्या हाती गेलं आणि इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. ज्यांनी तटाच्या भरवशावर घरं बांधली होती, त्यांची वस्ती उघड्यावर पडली. कोष्ट्यांचं, कोळ्यांचं काय झालं, याला कंपनीच्या वहीत रकानाच नव्हता, आणि ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त सलते. अखेर कंपनीला बादशहापुढे माफी मागून दीड लाख रुपये भरावे लागले. १६९० च्या जूनमध्ये सिद्दी निघाला, तो माझगावचा कोट उद्ध्वस्त करूनच.